रूट केलेल्या फोनवर बिझीबॉक्स कां बसत नाहीं?

अँड्रॉइड फोन रूट केला म्हणजे त्यावर सर्वाधिकार मिळतो. तरीहि अनेक आज्ञांचा एकत्र संच असा जो बिझीबॉक्स, तो कित्येकदां बसत नाहीं. अशा वेळीं आम्ही टर्मिनलांत प्रथम ‘एसयू’ व नंतर ‘आयडी’ ही आज्ञा देतों. उत्तरांत यूआयडी ० न आल्यास अधिकारच मिळालेला नाहीं. अधिकार असल्यास दोष बहुधा सिस्टम विभागाचा. तो केवळ वाचनार्थ जोडलेला असतो. अँड्रॉइड १० (२०१९) सह आलेल्या पुष्कळ फोनांत तर तो लेखनास खुला होतच नाहीं. तेथें बळजबरी केल्यास फोन सुरूच न होण्याचें भय! म्हणून मूळ विभागास स्पर्श न करणारें मॅजिस्कचें मॉड्यूल वापरावें, आणि तत्पूर्वी छायाचित्रें व कागदपत्रें अन्यत्र उतरवून ठेवावीं. किल्ली हातीं आली म्हणून दार फोडूं नये.