दीड वर्षाच्या बाळाची प्रश्नपत्रिका

प्रश्न : माझी थोरली लेक न्यू जर्सीला असते. नातू नुकताच दीड वर्षाचा झाला. नेहमीच्या तपासणीला नेला, तर आधी तिच्याकडून वीस प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला. त्यात पाच गुण आले आणि आता 'ऑटिझमबद्दल आणखी विचारायचं आहे' असं दवाखान्यातून कळवलं आहे. पोर हसतं, खेळतं, सगळ्यांच्या अंगाखांद्यावर असतं. अजून बोलत नाही, पण त्याचा मामाही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. डॉक्टरांनी त्याला धड दहा मिनिटंही पाहिलं नाही. वीस प्रश्नांवरून असं काही ठरवता येतं का? घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी, यामुळे तर तो गोंधळला नसेल? आणि धाकटीची मुलगी पुण्यात सव्वा वर्षाची आहे, तिला का कुणी असं विचारलं नाही?
— एक वाचक आजी, सातारा

उत्तर : आजी, तुमच्या पत्रात चार-पाच शंका एकमेकींत अडकल्या आहेत. एकेक करून सोडवू.

फॉर्म हातात दिला तेव्हा डॉक्टरांना तुमच्या नातवाबद्दल संशय आलेला नव्हता. अठराव्या आणि चोविसाव्या महिन्याच्या तपासणीला येणाऱ्या प्रत्येक बाळाची ऑटिझमसाठी चाळणी करावी, असं तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, सांगून ठेवलं आहे. त्या दवाखान्यात दीड वर्षाच्या इतर बाळांच्या आयांनीही तोच कागद भरला असणार.

दहा मिनिटंही पाहिलं नाही, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. गंमत अशी, की फॉर्मची गरज पडली ती याच अडचणीमुळे. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून कळत नाही. तो वागण्यातून ओळखावा लागतो. दवाखान्यात मूल एक तर रडत असतं, नाही तर आईच्या खांद्यात तोंड खुपसून बसलेलं असतं. सुई टोचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत ते पाहत नाही, यात नवल काय? उलट ऑटिझम असलेलं एखादं मूल तेवढा वेळ अगदी शहाण्यासारखं वागूनही दाखवतं. म्हणून मग जी व्यक्ती त्याला दिवसभर पाहते तिलाच विचारायचं.

तुमच्या वर्णनावरून हा फॉर्म 'एम-चॅट' असावा. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी अशी एक छोटी यादी केली होती. तिच्या आधारे डायना रॉबिन्स, डेबोरा फाइन आणि मॅरिॲन बार्टन या अमेरिकन संशोधकांनी २००१ मध्ये तेवीस प्रश्नांची एम-चॅट मांडली. आज वापरात आहे ती वीस प्रश्नांची सुधारित आवृत्ती, सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी.

त्यात मूल किती शब्द बोलतं, हा प्रश्नच नाही. बोट दाखवण्यावर मात्र दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला, हवी ती वस्तू मिळावी म्हणून बोट दाखवतो का, समजा फळीवरचा बिस्किटांचा डबा? दुसरा, नुसतं दाखवायचं म्हणून बोट दाखवतो का, आकाशातलं विमान किंवा रस्त्यावरचा मोठा ट्रक? दुसऱ्यात त्याला काहीच मिळवायचं नसतं. मी पाहिलं ते तूही पाहा, एवढंच म्हणायचं असतं. ऑटिझममध्ये बहुधा हे दुसरं बोट उशिरा येतं किंवा येत नाही. काही मुलं बोट न दाखवता मोठ्यांचं मनगट धरून त्यांना थेट डब्यापर्यंत नेतात. 'चांदोमामा कुठाय?' असं आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळांना विचारत आलो. तीही या जातीचीच परीक्षा होती, फक्त गुण कुणी मांडत नव्हतं.

बाकीचे बरेच प्रश्न याच धाग्यातले आहेत. हाक मारली की पाहतो का? आपण हसलो की हसतो का? खोलीच्या पलीकडे काही दाखवलं तर तिकडे बघतो का? रिकाम्या कपातून चहा प्यायल्याचं नाटक करतो का? काही नवीन घडलं, तर तुम्हाला काय वाटतंय हे बघायला तुमच्या चेहऱ्याकडे वळतो का? तीन प्रश्न मात्र उलटे आहेत, त्यांत 'हो' म्हटलं तर गुण चढतो : बाळ बहिरं तर नाही असं कधी वाटलं का, डोळ्यांजवळ बोटं विचित्र हलवतो का, आणि रोजच्या आवाजांनी फार बिथरतो का.

यावरून तुमच्या एका वाक्याचंही उत्तर मिळतं. हसरं, खेळकर, अंगाखांद्यावर राहणारं मूल ऑटिझमचं असूच शकत नाही, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. यातली कित्येक मुलं भरपूर माया करतात. पाहायचं असतं ते एवढंच, की ज्या गोष्टीला तो हसतो ती तो तुम्हाला दाखवायला येतो का.

आता पाच गुण. परीक्षेतल्या गुणांसारखे हे जास्त तितके चांगले नसतात. दोनपर्यंत आले तर काळजी कमी. आठ किंवा जास्त आले तर मुलाला थेट तज्ज्ञांकडे पाठवतात. तीन ते सात या मधल्या पट्ट्यात दुसरी फेरी होते. दवाखान्यातून कळवलं आहे ती बहुधा हीच. ज्या प्रश्नांवर गुण चढला तेवढेच पुन्हा, उदाहरणं मागत विचारतात. समजा आईने 'हाक मारल्यावर पाहत नाही' असं लिहिलं. मग विचारतील, टीव्ही चालू असताना की शांत असताना? असं खोदून विचारल्यावर पुष्कळांचे गुण उतरतात. दोन किंवा जास्त उरलेच, तर पुढची तपासणी.

आणि उरले, तरी ते निदान नव्हे. सोळा हजारांहून जास्त अमेरिकन मुलांच्या एका अभ्यासात, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, दोन्ही फेऱ्यांनंतर गुण उरलेल्या आणि तज्ज्ञांनी तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना ऑटिझम होता. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना नव्हता. पण त्याच मुलांपैकी सुमारे ९५ टक्क्यांमध्ये ऑटिझम, भाषेचा उशीर किंवा सर्वसाधारण विकास मागे पडणं असं काही ना काही लक्ष देण्यासारखं सापडलं. माझ्या मते तुमच्या लेकीने धरून ठेवावा असा आकडा हा दुसरा आहे.

चाळणीतून सुटलं म्हणजे सुटलं, असंही नाही. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयाशी जोडलेल्या दवाखान्यांमधला सुमारे सव्वीस हजार मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. पुढे ज्यांना ऑटिझमचं निदान झालं, त्यांतली जेमतेम ३९ टक्के मुलं या फॉर्मने आधी पकडली होती. शिवाय रोजच्या घाईत दुसरी फेरी अनेकदा घेतलीच गेली नव्हती. २०१६ मध्ये तर अमेरिकेतल्या एका सरकारमान्य तज्ज्ञमंडळाने म्हटलं, की आईवडिलांना किंवा डॉक्टरांना काहीच शंका नाही अशा मुलांची सरसकट चाळणी करावी की नाही, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना तरीही आपल्या सल्ल्यावर ठाम राहिली. म्हणूनच चोविसाव्या महिन्यात पुन्हा विचारतात, आणि म्हणूनच फॉर्म काहीही म्हणो, आईला शंका असेल तर तिने ती बोलून दाखवावी.

मामाचं उदाहरण प्रत्येक घरात असतंच. उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं पुढे इतरांना गाठतात, हे खरं. पण जी गाठतात ती बहुधा त्याआधी बोटांनी, नजरेने, हावभावांनी भरभरून 'बोलत' असतात. मामा तसा होता का, ते आठवून पाहा. आणि बोलणं यायचं आहे अशा मुलाची श्रवणचाचणी सगळ्यांत आधी व्हायला हवी. घरात दोन भाषा असल्याने ऑटिझम होत नाही, बोलण्याचा विकासही बिघडत नाही. घाबरून मराठी बंद केली, तर घरातली सगळ्यांत मोकळी बोलणारी माणसंच त्याच्याशी अडखळत बोलू लागतील.

लशीचं तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणी ना कुणी कानात घालेलच. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि ऑटिझमची लक्षणं डोळ्यांत भरण्याचं वय साधारण एकच, त्यामुळे एकाने दुसरं घडलं असं वाटतं. या संशयाला ज्याने हवा दिली तो १९९८ मधला, फक्त बारा मुलांवरचा निबंध 'द लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा मागोवा घेतला, त्यातही संबंध सापडला नाही.

मग लेकीने करावं काय? दुसरी फेरी टाळू नये आणि 'दोन वर्षांचा होईपर्यंत थांबू' असंही म्हणू नये. अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांसाठी 'अर्ली इंटरव्हेन्शन' नावाची सेवा आहे. तिच्याकडे आईवडील स्वतःही अर्ज करू शकतात, निदानाचा कागद लागत नाही, तपासणी मोफत असते आणि नाव पोहोचल्यापासून ४५ दिवसांत ती पुरी करणं कायद्याने बंधनकारक आहे. तज्ज्ञांची वेळ मिळायला कधी कधी महिने लागतात. तोवर बोलण्याचं आणि खेळण्याचं प्रशिक्षण सुरू झालेलं असतं.

राहिली पुण्याची नात. आपल्याकडे काहीच नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाली. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाड्यांमध्ये जाऊन मुलांना तपासतात, ठरलेल्या तीस दोष-आजारांच्या यादीत ऑटिझमही आहे, आणि शंका आलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पण जे मूल अंगणवाडीत जात नाही आणि लस खासगी दवाखान्यात घेतं, त्याच्याबाबतीत सगळं त्या त्या डॉक्टरवर अवलंबून राहतं. नातीला दीड वर्षाच्या डोसला नेतील तेव्हा 'एम-चॅट भरून देऊ का?' असं धाकटीने स्वतःच विचारावं. फॉर्म फुकट मिळतो आणि भरायला दहा मिनिटंही लागत नाहीत.