पंखा का घरघरतो?

संगणकावर चित्रफीत लावली, की दोन-चार मिनिटांत त्याचा पंखा घरघरू लागतो आणि चित्र अडखळत पुढे सरकते. 'संगणक जुना झाला' असे म्हणून आपण मोकळे होतो. पण दोष दर वेळी वयाचा असतोच असे नाही.

थोडा हिशेब करा. पडद्यावरील एका चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर दर सेकंदाला सुमारे १८ कोटी ६६ लाख बाइट होतात! एवढी माहिती कोणी साठवत नाही. बातम्या वाचणाऱ्या निवेदिकेमागची भिंत हलत नाही. मग ती पुन्हापुन्हा कशाला लिहायची? 'मागच्या चित्रातला हा चौकोन चार बिंदू उजवीकडे सरकवा' अशा सूचनांनीच बरेच काम भागते. चित्रफीत पाहताना मात्र या सूचना उलगडून चित्र पुन्हा उभे करावे लागते.

हे काम प्रोसेसर करू शकतो, पण तो पडला सर्व कामांचा धनी. ग्राफिक्सच्या चिपमध्ये बहुधा याच कामासाठी वेगळे मंडल कोरलेले असते. चकलीच्या सोऱ्याला दुसरे काही येत नाही, पण हाताने वळण्यापेक्षा तो झटपट काम करतो, तसेच हे.

मग हे मंडल रिकामे का बसते? लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सवर याचे उत्तर शोधता येते. तेथे एक साखळी असते: गाभ्यातील ड्रायव्हर, त्यावर व्हीए-एपीआय हा दुवा व त्याचा ड्रायव्हर, आणि शेवटी चित्रफीत दाखवणारा प्रोग्रॅम. एक कडी निखळली, की प्रोग्रॅम बहुधा तक्रार न करता सारे काम प्रोसेसरवर टाकतो. म्हणूनच दोष लक्षात येत नाही.

'एलएस-पीसीआय' या आज्ञेने चिप कोणती ते कळते. इंटेलच्या २०१४ नंतरच्या चिपांना 'इंटेल मीडिया ड्रायव्हर' आणि त्याआधीच्यांना 'आय-९६५' लागतो. एएमडीचा ड्रायव्हर मेसा या संचात असतो; मात्र फेडोराने २०२२ साली पेटंटच्या अडचणीमुळे त्यातून एच-२६४ आणि एचईव्हीसी वगळले. म्हणजे चिप आहे, ड्रायव्हरही आहे, तरी उपयोग नाही! एनव्हिडियाची वाट निराळी आहे; तिच्यात येथे शिरत नाही.

आता 'व्हीए-इन्फो' चालवा. यादीत एच-२६४ पुढे 'व्हीएलडी' दिसले, तर उलगडणारे मंडल जागे आहे असे समजा. पण मंडलात जे कोरले नाही, ते कोणताही ड्रायव्हर आणू शकत नाही. एव्ही-१ ही पद्धत २०१८ सालची. २०१५ सालच्या चिपला ती कोठून ठाऊक असणार? एच-२६४ मात्र २००३ सालचे, म्हणून तिला ते येते.

प्रयोग करून पाहा. 'एमपीव्ही' या प्रोग्रॅममध्ये एकच चित्रफीत प्रथम 'एचडब्ल्यूडेक' हा पर्याय 'नो' ठेवून आणि मग 'ऑटो' ठेवून लावा. दोन्ही वेळा 'टॉप' या आज्ञेने प्रोसेसरवरील भार वहीत टिपा. मग तीच चित्रफीत एव्ही-१ प्रकारात मिळवून लावा आणि आकड्यांवरून आपल्या चिपचे वय ओळखता येते का ते पाहा.