चौतीस क्रमांकाच्या मुली

प्रश्न : माझी भाची चौदा वर्षांची आहे. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. पाय आखडलेले आहेत, उजवा हातही थोडा वळतो. पॅरिसच्या पॅरालिम्पिकमधली व्हीलचेअरची शर्यत तिनं मोबाईलवर पाहिली. तेव्हापासून एकच विचारते, "मावशी, त्यांचेही हात माझ्यासारखेच असतील, तर त्या एवढ्या जोरात कशा जातात?" तिला काय सांगू? आणि इथं राहून तिला काही करता येईल का?
– एक वाचक भगिनी, गडचांदूर

उत्तर : ताई, भाचीनं प्रश्न अगदी मुळाशी जाऊन विचारलाय. तिचे हात-पाय मुळात अधू नाहीत. जन्माच्या आधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच मेंदूला इजा झाली, की स्नायूंना जाणारा निरोप बिघडतो. ही इजा पुढे वाढत नाही. पण ताठर स्नायूची एक खोड असते : तो हळू ताणला तर ऐकतो, झटक्यात ताणला तर उलटा आखडतो. आणि वेगाची शर्यत म्हणजे तर नुसते झटकेच! म्हणून या मुलींना चाक ढकलताना आपल्याच स्नायूंशीही झुंजावं लागतं.

ही झुंज सोपी होते ती चाक न पकडल्यामुळे. शर्यतीच्या खुर्चीला मागे दोन मोठी, तिरकी बसवलेली चाकं असतात आणि लांब दांड्याच्या टोकाला पुढे एक लहान चाक. नियमाप्रमाणे मोठ्या चाकाचा व्यास जास्तीत जास्त ७० सेंटिमीटर. गिअर किंवा तरफ लावून वेग वाढवायला बंदी आहे. मोठ्या चाकांना बाहेरून एक लहान कडी जोडलेली असते. हातात जाड, टणक मोजे घालून त्या कडीवर ठोसा मारायचा, तो खालपर्यंत दाबत न्यायचा आणि हात सोडून पुन्हा वर आणायचा. बोटं उघडणं-मिटणं हेच या मुलींना सर्वांत जड जातं, आणि इथं ते जवळजवळ लागतच नाही. बऱ्याच जणी गुडघे दुमडून, पुढे वाकून बसतात. धड असं बांधून घेतल्यासारखं बसलं, की हातांना जोर लावायला आधार मिळतो.

सुरुवातीचा बार मात्र वैरी ठरू शकतो. अचानक मोठा आवाज झाला की सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच जणांचं सगळं अंग दचकून ताठ होतं. भाचीचंही होत असेल, तर तुम्ही पाहिलं असेल. १०० मीटरमध्ये तिथं वाया गेलेला क्षण भरून काढायला पुढे अंतरच उरत नाही. त्या आवाजाची सवय करणं हाही सरावच.

भाचीनं पाहिलेली शर्यत बहुधा टी३४ गटाची असावी. 'टी' म्हणजे ट्रॅक. मेंदूच्या इजेमुळे हालचालींचा ताळमेळ बिघडलेल्या आणि खुर्चीवरून धावणाऱ्या खेळाडूंसाठी ३२ ते ३४ हे गट आहेत. ३२ मध्ये चारही हातापायांवर जास्त परिणाम झालेला असतो, तर ३४ मध्ये हात आणि धड त्यामानानं बरे असतात. ब्रिटनची हॅना कॉकक्रॉफ्ट या गटाची राणी. लंडन, रिओ, टोकियो, पॅरिस अशा सलग चार पॅरालिम्पिकमध्ये तिनं १०० मीटरचं सुवर्ण घेतलं. टोकियोत तिची वेळ होती १६.३९ सेकंद, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर. पण भाचीला मी आधी याच गटातल्या कॅरी अडेनेगनबद्दल सांगेन. तिलाही सेरेब्रल पाल्सी आहे. रिओत १०० मीटरचं रौप्य जिंकलं तेव्हा ती १५ वर्षांची होती.

आता इथलं. शर्यतीची खुर्ची लाखांच्या घरात जाते आणि ती अंगाच्या मापानं बनवावी लागते. वाढत्या वयाच्या मुलीसाठी आजच तिच्यामागे लागू नका, असं मला मनापासून वाटतं. त्याऐवजी फेकीपासून सुरुवात करता येईल. ३४ हाच आकडा मैदानी फेकीतही आहे : एफ३४, बसून फेकणाऱ्यांचा गट. त्यात आपल्या नांदेडच्या भाग्यश्री जाधव आहेत. टोकियो आणि पॅरिस दोन्ही ठिकाणी त्या गोळाफेकीच्या अंतिम फेरीत होत्या, हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी रौप्य मिळवलं आणि पॅरिसच्या उद्घाटनात सुमित अंतिल यांच्याबरोबर भारताचा झेंडा त्यांच्या हाती होता. हे नाव भाचीला आजच सांगा. तिच्या भाषेत बोलणारी, तिच्याच राज्यातली चौतीस क्रमांकाची खेळाडू आहे ती.

फेकीसाठी लागते ती न हलणारी, जमिनीला पट्ट्यांनी घट्ट बांधलेली बैठक. गादीसकट उंची ७५ सेंटिमीटरच्या आत. तुमच्या सिमेंट कारखान्यांच्या गावात वेल्डिंगवाल्यांना तोटा नाही. माप आणि चित्र दिलं की चांगला कारागीर ती बनवून देईल. दोन्ही खेळांना खांदे आणि धड लागतं, त्यामुळे इथं कमावलेली ताकद पुढे खुर्चीवर कामी येईल.

त्याआधी दोन कामं करा. सेरेब्रल पाल्सीत खुब्याचा सांधा हळूहळू सरकू शकतो, म्हणून हाडांच्या डॉक्टरांना दाखवून खुब्यांचा एक्स-रे काढून घ्या. ते झाल्याशिवाय गुडघे दुमडून बसवू नका. आणि दिव्यांगाचं यूडीआयडी कार्ड नसेल तर काढून ठेवा.

मग एकदा राजुऱ्यावरून बल्लारपूरजवळच्या विसापूरला जा. तिथल्या क्रीडा संकुलात सिंथेटिक ट्रॅक आहे. आधी परवानगी विचारा आणि तिच्या रोजच्या खुर्चीवरूनच तिला शंभर मीटर जाऊ द्या. घड्याळ लावा, आकडा वहीत लिहा. आपल्याकडचा उन्हाळा टाळून हिवाळ्यात जा, पण पहाटे नको. गारठ्यात स्नायू जास्त आखडतात. ऊन जरा वर येऊ द्या, घरी हात-पाय कोमट पाण्यानं शेकून हळूहळू ताणून घ्या, मग निघा.