देवांचीं नांवें आणि पुण्याचा बाजार

इतिहास ग्रंथांत आणि शिलालेखांत असतो, हें तुम्ही शिकलांच आहांत. पण त्याचा बराचसा भाग लोकांच्या तोंडीं असतो आणि रोज कानांवर पडत असल्यामुळेंच त्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. पुणें शहरांत मारुतीच्या देवळांस सोन्या, जिलब्या, बटाट्या अशीं नांवें आहेत. नवख्या मनुष्यास तीं ऐकून हंसूं येतें. हंसून झाल्यावर मात्र त्यानें एक प्रश्न विचारावा : देवाला हें नांव कां पडलें असेल? हा एकच प्रश्न हातीं धरून आज आपण जुन्या पुण्यांतून एक फेरी करूं. पौडाहून सकाळच्या बसनें निघालेल्या मुलांस ती पायीं एका दिवसांत सहज करतां येईल.

आरंभ कसबा पेठेपासून करावा. ही शहराची सर्वांत जुनी वस्ती होय. येथील गणपति हें पुण्याचें ग्रामदैवत. सतराव्या शतकांत जिजाबाई बाळ शिवाजीस घेऊन पुण्यास राहिल्या, त्या काळीं त्यांनीं हें देऊळ बांधविलें, असें परंपरा सांगते. जवळच तांबट आळी आहे. आळींत पाऊल टाकतांच हातोड्यांचे ठोके ऐकूं येतात. पेशवाईंत कोंकणांतून आलेल्या तांबटांची ही वस्ती. बंब, हंडे, घंगाळें घडवून झालीं कीं, त्यांवर हातोडीनें एकाशेजारीं एक असे ठोके देत जातात. यास मठारकाम म्हणतात. त्यामुळें भांड्यावर चकाकणारी नक्षी उमटते; शिवाय ठोक्यांनीं मऊ तांबें कठीण होत जातें आणि भांडें लवकर चेपत नाहीं. शोभा आणि टिकाऊपणा हीं दोन्ही एकाच कृतीनें साधतात, हें पाहण्यासारखें आहे. स्टेनलेस स्टीलचीं भांडीं घरोघर आल्यापासून हा धंदा पूर्वीसारखा राहिला नाहीं. येथें एवढें ध्यानांत ठेवा कीं, वस्तीस तिच्यांतील धंद्याचें नांव मिळालें.

आतां पश्चिमेकडे वळून शनिवारवाड्यापाशीं येऊं. थोरल्या बाजीराव पेशव्यांनीं १७३० सालच्या जानेवारींत या वाड्याचा पाया घातला आणि १८२८ च्या आगींत आंतल्या इमारती जळून गेल्या. तट, बुरूज, दरवाजे आणि जोतीं तेवढीं उरलीं. वाड्यासमोरच्या पटांगणांत एक लहानसें देऊळ आहे. हाच बटाट्या मारुति. देवळाभोंवतीं बटाट्यांचें एकही दुकान दिसत नाहीं. मग नांव कोठून आलें? मंडईची इमारत होण्यापूर्वीं शहराचा भाजीबाजार याच पटांगणांत भरत असे आणि या मारुतीच्या आसपास बटाटे विकावयास बसत. पुढें बाजार हलला. विकणारे गेले, घेणारे गेले, आणि बाजाराची आठवण मारुतीच्या नांवांत राहून गेली. वाड्याचे तट आणि जोतीं पक्कीं होतीं, म्हणून त्यांचे अवशेष सांपडतात. भाजीवालीच्या पाटीचा आणि तराजूचा अवशेष कोठून सांपडणार? त्यांचा पुरावा या एका शब्दांत आहे.

तेथून शिवाजी रस्त्यानें दक्षिणेकडे चालूं लागलें कीं, बुधवार पेठ लागते. या पेठेंत पासोड्या विठोबा आहे. पासोडी म्हणजे जाडेंभरडें पांघरूण. अशीं पांघरुणें या देवळाच्या परिसरांत विकलीं जात, म्हणून पंढरीच्या देवासही पासोडीचें नांव चिकटलें. पुढें लक्ष्मी रस्त्यावर सोन्या मारुति आहे आणि भोंवतीं सराफांच्या पेढ्या आहेत. तुळशीबागेजवळ जिलब्या मारुति आहे. शेजारच्या हलवायामुळें त्यास हें नांव पडलें, असें सांगतात.

देवळापाशींच बाजार कां वाढतो? जेथें माणसें नित्य येतात, तेथें विकणारा येऊन बसतो. देवदर्शनास फुलें, निरांजनें, उदबत्त्या लागतात. खेड्यांतून आलेला मनुष्य दर्शन आणि खरेदी हीं दोन्ही एका खेपेंत उरकतो. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाहीं. जपानच्या तोक्यो शहरांत आसाकुसा भागांत सेन्सोजी नांवाचें प्राचीन बौद्ध मंदिर आहे. त्याच्या महाद्वारापासून आंत जाणारा नाकामिसे हा रस्ता सुमारें २५० मीटर लांब असून त्याच्या दोहों बाजूंस जवळजवळ ९० दुकानें आहेत. मंदिराचें आवार झाडण्याची कामगिरी करणाऱ्या शेजाऱ्यांस तेथें दुकान मांडण्याची परवानगी मिळाली आणि त्यांतून हा बाजार वाढला. देश दूरचा, धर्म निराळा, पण मनुष्याच्या गरजा त्याच.

शिवाजी रस्त्यावर आणखी दोन ठिकाणीं थांबावें. एक बेलबाग. येथील विष्णूचें देऊळ नाना फडणीसांनीं बांधविलें. दुसरें ठिकाण जवळच्या भिडे वाड्याचें. येथें १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा सुरू केली. जुना वाडा २०२३ सालीं स्मारकासाठीं पाडण्यांत आला. आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलीनें या जागेपुढें क्षणभर उभें राहावें.

मग तुळशीबाग. येथें पूर्वीं तुळशीची बाग होती. पुण्याचे सुभेदार नारो आप्पाजी खिरे यांनीं १७६१ सालीं, म्हणजे पानिपतचा घाव ताजा असतांना, येथें राममंदिराचें काम आरंभिलें. या बागेमुळें त्यांचें घराणें तुळशीबागवाले म्हणूनच प्रसिद्ध झालें. नांव येथें जागेकडून माणसाकडे गेलें. देवळाभोंवतीं बांगड्या, पूजेचीं उपकरणीं, स्वयंपाकाचीं भांडीं आणि मुलींच्या भातुकलीचीं इवलालीं भांडीं यांचीं दुकानें दाटीनें लागलेलीं आहेत. पुण्यांतील बायकांस ‘तुळशीबाग’ म्हटलें कीं, आधीं खरेदी आठवते आणि मागाहून राम.

फेरीचा शेवट मंडईंत. मधल्या अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत १८८६ सालीं खुली झाली, तेव्हां तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव होतें. जोतीराव फुले यांचें शिक्षण पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें होतें. १८७६ पासून कांहीं वर्षें ते नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर मोठी रक्कम खर्च करण्यास त्यांनीं विरोध केला. गोरगरिबांच्या शिक्षणाची निकड त्यांस अधिक वाटे. पुढें गव्हर्नरांचें नांव जाऊन याच इमारतीस महात्मा फुले यांचें नांव देण्यांत आलें. यावरून आणखी एक धडा मिळतो. कांहीं नांवें आपोआप पडतात, तर कांहीं लोक विचारपूर्वक देतात. दोन्ही प्रकारचीं नांवें त्या त्या काळच्या लोकांस काय महत्त्वाचें वाटत होतें, तें सांगतात.

आतां आपल्या मुळशीकडे वळूं. पुण्यांत निदान पायीं हिंडून विचारतां तरी येतें. मुळशीच्या धरणासाठीं जीं गांवें गेलीं, त्यांच्या वाटा पाण्याखालीं आहेत. सेनापति बापट यांच्यासह येथील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह मांडला, परंतु धरण झालेंच. त्या गांवांतील शेतांस, पाणवठ्यांस, देवळांस नांवें होतीं. तीं गांवें नांदतीं असतां ज्यांनीं पाहिलीं, ते आतां राहिले नाहींत. ज्यांनीं त्यांच्या तोंडून ऐकलें, ते मात्र अजून कित्येक घरांत आहेत.

म्हणून या सुटींत एक अभ्यास करा. आपल्या घरांतील सर्वांत वडील माणसाजवळ वही घेऊन बसा. आपल्या शिवारांतील शेतांचीं, ओढ्यांचीं, टेकड्यांचीं, देवांचीं नांवें विचारून लिहून घ्या. प्रत्येक नांवापुढें तें कां पडलें, हें लिहा. आणि कोणी सांगितलें, तेंही टिपून ठेवा. कारण ठाऊक नसल्यास जागा कोरी सोडा, मनानें रचूं नका. पालकांसही विनंति आहे कीं, मुलें विचारावयास आलीं असतां ‘नुसत्या नांवांत काय आहे’ असें म्हणून त्यांस परतवूं नये. पुण्याचा भाजीबाजार पटांगणांतून उठून किती वर्षें लोटलीं, तरी एका लहानशा देवळानें त्याची आठवण ठेविली. आपल्या गांवांची आठवण ठेवण्याचें काम तुमच्या वह्यांस करावयाचें आहे.