बालवर्गातील मावशींचा दिवस

शाळेच्या इतिहासात संस्थापकांची, मुख्याध्यापकांची आणि गुणवंत विद्यार्थ्यांची नोंद होते. बालवर्गातील मदतनीस बाईंची नोंद पगारपत्रकापलीकडे फारशी जात नाही. वस्तुतः तीन ते सहा वर्षांच्या मुलाला शाळेत पहिला हात लागतो तो बहुधा त्यांचाच. म्हणून मावशींच्या एका दिवसाकडे आम्ही येथे शिक्षणाच्या दृष्टीने पाहत आहोत.

मुले येण्यापूर्वी खोली झाडून, सतरंज्या अंथरून आणि माठ भरून झालेला असतो. सत्राच्या पहिल्या आठवड्यात काही मुले आईचा पदर सोडीत नाहीत. अशा मुलाला मावशी ओढून आत नेत नाहीत. आईला दारात बसवितात, मुलापुढे रिकामे डबे व त्यांची झाकणे ठेवितात आणि आपल्या कामाला लागतात. झाकणे जुळविता जुळविता मूल आपणच आत सरकते. शिक्षिकेने विचारले तर गप्प राहणारे हेच मूल मावशींना ‘मले पानी पायजे’ असे चटकन सांगते, कारण त्या त्याच्या घरची बोली बोलतात.

हात धुणे, नाक पुसणे, गुंड्या लावणे यांत बराच वेळ जातो. हा वेळ वाया गेला असे पाहुण्यांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. मावशी गुंडी खालून लावावयास सांगतात, कारण खालची गुंडी मुलाला दिसते, गळ्याजवळची दिसत नाही. बोटांना येथे मिळालेले वळण पुढे पाटीवर उपयोगी पडते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा मुलांची स्वच्छता हा त्यांनी शिक्षणाचाच भाग मानला. बालवाडीपर्यंत न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना त्यातूनच रुजली.

याच कामाची दुसरी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत नोंदविली आहे. वर्गात त्यांचे गोणपाट निराळे असे. शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. ते रोज घरी न्यावे आणि परत आणावे लागे. तहान लागली तर गुरुजींची परवानगी पुरेशी नव्हती. नळ उघडून देण्यास शिपाई हजर असावा लागे, आणि तो नसला तर तहानलेलेच राहावे लागे. या आठवणींत शिक्षकाइतकाच नोकराचा हातही ठळक दिसतो. शाळेतील समता किंवा विषमता मुलाला पाठ्यपुस्तकातून कळण्याच्या कितीतरी आधी, केरसुणी व पाणी हाताळणाऱ्या माणसाकडून कळत असते.

आमच्या बालवर्गात माठ एकच आणि ओगराळेही एकच. सर्वांत लहानग्याला प्रथम, मग ओळीने सर्वांना पाणी मिळते. सतरंजीची घडी दोघांनी मिळून घालावयाची, आणि कागदाचे कपटे मुलींप्रमाणे मुलग्यांनीही वेचावयाचे. (यावर कुरकुर करणारे पालक अजूनही भेटतात, मावशी त्यांना हसून उत्तर देतात, पण नियम बदलीत नाहीत.)

कोण डबा न खाता परत नेतो, हाक मारली तर कोण एकाच बाजूने वळून पाहतो, कोणाच्या अंगात कालपासून कणकण आहे, हे मावशींना शिक्षिकेच्या आधी समजते. म्हणून मुलाच्या प्रगतीविषयी लिहिण्यापूर्वी शिक्षिकेने त्यांना विचारावे, पालकसभेत त्यांना खुर्ची असावी आणि बालशिक्षणाच्या प्रशिक्षणात त्यांनाही प्रवेश असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. ज्यांनी आपणांस बालवर्गात सांभाळिले, त्यांचे पूर्ण नाव, कामाची वर्षे आणि असल्यास छायाचित्र शाळेच्या कार्यालयाकडे पाठवावे. जुन्या मदतनीस बाईंपैकी कित्येकींचे ‘मावशी’ याखेरीज दुसरे नाव आज शाळेत कोणास ठाऊक नाही.