पायाखालचं सोनं

आजचं चिंतन : छांदोग्य उपनिषद, ८.३.२

इथे एक साधा दृष्टांत आहे. शेतात सोनं पुरलेलं असतं. पण जागा ठाऊक नसलेली माणसं रोज त्यावरूनच ये-जा करतात, आणि त्यांना ते सापडत नाही. आपणही रोज गाढ झोपेत ब्रह्मापर्यंत जातो आणि तसेच परततो.

इकडे अमेरिकेत सुट्टीत फ्लोरिडाच्या व्हेरो बीचला गेलो होतो. १७१५ साली वादळात या किनाऱ्यावर खजिना घेऊन निघालेली स्पॅनिश जहाजं फुटली. त्यांतली नाणी मोठ्या वादळानंतर आजही कधीकधी वाळूत मिळतात. मीही मेटल डिटेक्टर भाड्याने घेतला. दोन तासांत निघाल्या फक्त कॅन उघडायच्या ॲल्युमिनियमच्या कड्या! वैतागून मशीनवर तो सिग्नलच बंद करायला निघालो. शेजारचे आजोबा म्हणाले, "मग बारीक सोन्याची अंगठीही हुकेल. दोघांचा सिग्नल जवळपास सारखाच असतो."

मी थबकलोच. जपाला बसलं की कचराच वर येतो, म्हणून महिनाभर मी बसणंच सोडलं होतं.

नाणं काही मिळालं नाही. रात्री मात्र जपाला बसलो. बाबांशी धरलेला अबोला पुन्हा वर आला. या वेळी तो ढकलला नाही. उठून फोन लावला. पुण्यात पहाट होती. बाबा जागेच होते.

आज एवढंच करूया : जो विचार रोज टाळतो, तिथेच थोडं खणून बघूया.

हरि ॐ.