भूकंपाची खूण विहिरीच्या पाण्यातही

ऑगस्ट २०१४. कॅलिफोर्नियात तीव्र दुष्काळ होता आणि नापा खोऱ्यातले ओढे आटले होते. २४ तारखेच्या पहाटे ६.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि पाऊस न पडताच काही ओढे वाहू लागले. हादऱ्यांनी डोंगरातल्या भेगा मोकळ्या झाल्या, आत साठलेलं पाणी उताराला लागलं. एप्रिल २०१६ मध्ये जपानच्या कुमामोतो शहरात मात्र उलटं घडलं. तिथल्या सुइझेंजी बागेतलं झऱ्यांवर भरणारं तळं भूकंपानंतर ओसरलं, बराचसा तळ उघडा पडला. या शहराचं पिण्याचं पाणी जवळपास सगळं भूजलच, त्यामुळे पाणी गेलं कुठे हा प्रश्न जिव्हाळ्याचा होता. संशोधकांना उत्तर सापडलं ते जमिनीत नव्याने उघडलेल्या भेगांमध्ये.

असे प्रश्न सोडवणाऱ्यांना जलभूवैज्ञानिक म्हणतात. बारावीनंतर मुलगी ‘जिऑलॉजी घेते’ म्हणाली, की घरात पहिला प्रश्न नोकरीचा येतो. तो रास्तच आहे. पण या विषयाची जगभर अभ्यासली जाणारी जागा आपल्या सातारा जिल्ह्यातच आहे, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं.

कोयना धरणाचा शिवाजीसागर भरू लागला तसे परिसरात धक्के जाणवू लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा, सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. जलाशयाचा भार आणि भेगांतून खोल शिरणाऱ्या पाण्याचा दाब यांमुळे आधीच ताणाखाली असलेला खडक सरकतो, असं स्पष्टीकरण शास्त्रज्ञ देतात. इथे पाणी भूकंपाला चालना देतं आणि भूकंप पाण्याची पातळी हलवतो. घट्ट थराखाली कोंडलेल्या पाण्यावर खडक दाबला गेला की बोअरमधली पातळी चढते, खडक ताणला गेला की उतरते. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने कोयना-वारणा भागात खास बोअर घेऊन तिथली पातळी सतत नोंदवली. कऱ्हाडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. तिच्या प्रकल्पात सुमारे ३ किलोमीटर खोल बोअर घेतली गेली.

इथवर पोचायचं तर अकरावी-बारावीत गणित सोडू नये. पातळीचे आलेख वाचायला आणि दाबाची गणितं मांडायला ते लागतंच. पुढे भूगर्भशास्त्रात बी.एस्सी., मग ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटी मुंबईसारख्या संस्थेत एम.एस्सी. पदव्युत्तर शिक्षण टाळता येत नाही, कारण केंद्रीय भूजल मंडळातल्या शास्त्रज्ञपदासाठी लोकसेवा आयोगाची जी संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा असते, तिला तेवढी पात्रता लागते. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. खासगी सल्लागार कंपन्या, खाणी, बोगदे आणि धरणांची कामंही आहेत.

सरकारी जागा दरवर्षी भरपूर निघतील अशी खात्री कुणीही देऊ नये. एम.एस्सी.नंतरही एखाद-दोन वर्षं परीक्षांच्या तयारीत जातात, आणि त्या काळासाठी घरखर्चाचा विचार आधीच केलेला बरा. कामही खुर्चीतलं कमी, रानातलं जास्त. त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी मुलाला एखाद्या महाविद्यालयाच्या क्षेत्रभेटीबरोबर मे महिन्यात फिरू द्यावं, विहिरीत टेप सोडून पातळी मोजायला लावावी आणि संध्याकाळी तो त्याबद्दल किती बोलतो ते ऐकावं.